सूची करता करता

विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला तंजावर जिल्ह्यातले एक पंडित म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात ताडपत्रांचा एक गठ्ठा देऊन गेले. लिपी ग्रंथ, भाषा संस्कृत, सोबत भट्टस्वामी नावाच्या टीकाकाराच्या टीकेचा एक तुकडा. त्या वेळी ग्रंथालय सांभाळत होते रुद्रपट्टण शामशास्त्री. आलेली पोथी उघडायची, काय आहे ते बघायचं आणि नोंदवायचं, हे त्यांचं रोजचं काम. त्यांनी ही पोथी उघडली आणि त्यांच्या हाती कौटिल्याचं अर्थशास्त्र आलं.

ही कथा बहुतेकांनी ऐकलेली असते, पण ती सांगताना मधली पायरी गाळली जाते. कौटिल्याचा ग्रंथ लोकांना नावाने माहीत होता. दंडीने त्याचा उल्लेख केला होता, बाणभट्टाने त्याला नावं ठेवली होती, टीकाकारांनी त्यातली वाक्यं उद्धृत केली होती. मूळ संहिता मात्र शेकडो वर्षं कोणी पाहिली नव्हती. समोरची पानं त्याच ग्रंथाची आहेत हे कळायला या विखुरलेल्या अवतरणांची डोक्यात हजेरी असावी लागते. शामशास्त्र्यांकडे ती होती. 1905पासून त्यांनी भाषांतराचे भाग ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापायला सुरुवात केली, 1909मध्ये मूळ संहिता आली, 1915मध्ये संपूर्ण इंग्रजी भाषांतर. पुढच्याच वर्षी म्हैसूर विद्यापीठ स्थापन झालं आणि हे ग्रंथालय त्याच्याकडे गेलं. पुढे पाटणच्या जैन भांडारातली अर्धवट ताडपत्रं आणि इतर पोथ्या पुढे आल्या. त्या सगळ्या ताडून पाहून रा. पं. कंगले यांनी केलेली चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठाने 1960पासून तीन भागांत काढली. आज अर्थशास्त्रावर बोलणारा माणूस कळत-नकळत कंगल्यांच्या पानांवर उभा असतो.

हस्तलिखितांचे शोध घोड्यावर बसून, गुहेत शिरून लागतात असं आपल्याला वाटतं. क्वचित लागतातही. बहुतेक शोध मात्र टेबलावर लागतात आणि ते लावणाऱ्याच्या हुद्द्याचं नाव सूचीकार, ग्रंथपाल किंवा क्युरेटर असं काहीतरी नीरस असतं. सूची म्हणजे कारकुनी, असा आपल्या विद्यापीठांतला रूढ समज आहे. संहिता संपादित करणारा विद्वान, तिची नोंद करणारा मदतनीस! हा समज किती उथळ आहे ते पाहायचं तर नोंद कशी होते तेच जवळून बघायला हवं.

समजा, लाल रुमालात बांधलेली एक कागदी पोथी पुढ्यात आहे. पानं सुटी, आडवी, दोन फळ्यांच्या मध्ये दाबलेली. डाव्या समासात वरच्या बाजूला ग्रंथाच्या नावाची दोन-तीन अक्षरं आणि पानाचा आकडा. चुकलेल्या अक्षरांवर पिवळ्या हरताळाचा हात फिरवलेला. कडा कसरीने खाल्लेल्या. सूचीकार आधी पानं मोजतो, मग एका पानावरच्या ओळी, मग एका ओळीतली अक्षरं. हे आकडे निव्वळ नोंदवहीची पोटभरणी नव्हेत. जुने लेखनिक 32 अक्षरांचा एक ‘ग्रंथ’ धरून मजुरी मोजत आणि शेवटी ‘ग्रंथाग्र’ म्हणून त्याची बेरीज लिहून ठेवत. आता पोथीची 40 पानं असतील, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा ओळी आणि ओळीत साधारण 32 अक्षरं असतील, तर हिशेब 800 ग्रंथांचा झाला. लेखनिकाने शेवटी हजार लिहिले असतील तर दोनशे कुठे गेले? एकतर मधलं काही गळलं आहे, किंवा त्याच्यापुढची मूळ प्रत मोठी होती आणि त्याने हा आकडा तिच्यातून जसाच्या तसा उतरवला. दोन्ही गोष्टी कामाच्या आहेत आणि ग्रंथाचा एकही श्लोक वाचण्याआधी त्या कळल्या.

मग शेवटचं पान. तिथे पुष्पिका असते: ग्रंथ संपला, अमक्याने रचला, तमक्याने लिहिला, अमुक गावी, अमुक तिथीला, अमक्यासाठी. तिच्यापुढे बहुधा लेखनिकाची कैफियत येते. पाठ मोडली, मान वाकली, डोळे गेले. समोर जसं होतं तसं उतरवलं, चूक असेल तर बोल मला लावू नका. पोथीला तेलापासून, पाण्यापासून जपा, सैल बांधू नका आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. शतकानुशतकं हेच गाऱ्हाणं त्याच शब्दांत उतरवत आले आहेत, त्यामुळे वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरते. पण नेमकं तिथेच एखादा लेखनिक आपल्या राजाचं नाव सांगून जातो, एखादा दुष्काळाबद्दल लिहितो, एखादा मुलाला वाचता यावं म्हणून लिहिलं असं म्हणतो. मूळ ग्रंथ शंभर ठिकाणी असेल, ही ओळ एकाच ठिकाणी असते.

तिथी मिळाली म्हणजे काम झालं असंही नाही. पुष्पिकेत साल बहुधा शब्दांत दडवलेलं असतं. चंद्र म्हणजे एक, नेत्र दोन, वेद चार, बाण पाच, रस सहा, मुनी सात, वसू आठ, आकाश शून्य. हे आकडे उलटीकडून वाचायचे. म्हणजे ‘रस-बाण-मुनि-चंद्र’ असं लिहिलं असेल तर 1756. आता हे 1756 कशाचे? शालिवाहन शक धरला तर इसवी सन 1834, विक्रम संवत धरला तर 1699. एकशे पस्तीस वर्षांचा फरक. एकीकडे राजाराम महाराज जिंजीहून परतून मोगलांशी झुंजत आहेत, दुसरीकडे पेशवाई बुडून सोळा वर्षं झाली आहेत! निकाल लावायचा तर संवत्सराचं नाव बघा. आपल्या दक्षिणी गणनेने शके 1756ला ‘जय’ संवत्सर यायला हवं. वार दिला असेल तर त्या तिथीला तो वार पडतो का ते स्वामिकण्णू पिल्लै यांच्या जंत्रीत शोधा. तिथी, वार आणि संवत्सर तिन्ही जुळले की साल पक्कं. जुळले नाहीत की पुन्हा पहिल्यापासून.

आणि कधी कधी शक-संवताबाहेरचंच काही निघतं. केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात नेपाळहून आलेल्या संस्कृत पोथ्यांचा मोठा संग्रह आहे. काठमांडूच्या ब्रिटिश रेसिडेन्सीतले डॉक्टर डॅनियल राइट यांनी 1870च्या दशकात त्यातल्या बऱ्याच मिळवल्या आणि सेसिल बेंडॉल यांनी त्यांतल्या बौद्ध ग्रंथांची सूची 1883मध्ये छापली. याच संग्रहातल्या ‘पारमेश्वरतंत्र’ नावाच्या ताडपत्री पोथीवर संवत 252 असं साल आहे. हर्षाचा संवत धरला तर ते 858च्या आसपास जातं. नेपाळातला इसवी 576पासून मोजला जाणारा जुना संवत धरला तर 828. ग्रंथालय आज 828 मानतं. साल लिहिलेल्या संस्कृत पोथ्यांमध्ये जगातल्या अगदी जुन्या पोथ्यांत तिची गणना होते, ती या एका निवडीच्या बळावर.

आता पुण्याकडे वळू. हस्तलिखितांच्या नोंदींतून काय काय निघू शकतं याचा सगळ्यांत भरघोस नमुना आपल्याच दारात आहे आणि आपल्याला त्याची फारशी खबर नाही.

मुंबई सरकारने 1866पासून संस्कृत पोथ्या शोधून विकत घ्यायला सुरुवात केली. एल्फिन्स्टन कॉलेजातले गेओर्ग ब्यूलर आणि डेक्कन कॉलेजातले फ्रान्झ कीलहॉर्न हे या कामाचे पहिले मानकरी. मागून रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि पीटर पीटर्सन आले. ब्यूलर 1874च्या थंडीत तरुण हेरमान याकोबीला घेऊन जैसलमेरच्या जैन भांडारात पोहोचले. तिथे त्यांना बिल्हणाचं ‘विक्रमाङ्कदेवचरित’ सापडलं. पोथी तिथून हलवता येणार नव्हती, तेव्हा दोघांनी बसून स्वतःच्या हाताने तिची नक्कल उतरवली. 1875मध्ये ग्रंथ छापून झाला. हे काव्य कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याचं, म्हणजे दख्खनच्या राजाचं. लिहिलं काश्मिरी कवीने, जपलं राजस्थानातल्या जैनांनी, उतरवलं दोन जर्मनांनी आणि छापलं मुंबईत. 1875मध्येच ब्यूलर काश्मीरला गेले आणि शारदा लिपीतल्या भूर्जपत्रांच्या पोथ्या घेऊन आले. त्यात ऋग्वेदाचीही एक होती. पुण्यातल्या ज्या 30 ऋग्वेद-पोथ्यांना 2007मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटात जागा मिळाली त्यांत भूर्जपत्रावरची ही पोथी आहे.

हा सारा सरकारी संग्रह 1878मध्ये डेक्कन कॉलेजात आला आणि 1918मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात. संस्थेचा संग्रह आज 28,000हून अधिक पोथ्यांचा आहे. जुन्या सरकारी पोथ्यांना आजही त्यांच्या जन्मसालासकट हाक मारतात: क्रमांक अमुक, 1884–87चा, क्रमांक तमुक, 1875–76चा. पोथी कोणत्या दौऱ्यात आली, म्हणजे साधारण कोणत्या मुलखातून आली, हे त्या आकड्यावरूनच कळतं.

1919मध्ये या पोथ्यांची जबाबदारी देवरुखच्या एका तरुणाकडे आली. परशुराम कृष्ण गोडे. पुढची चाळीसेक वर्षं ते क्युरेटर राहिले. आपट्यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशाची सुधारलेली आवृत्ती ज्यांनी हाताळली असेल त्यांनी मुखपृष्ठावर गोडे आणि कर्वे ही जोडी पाहिली असेल. तेच हे गोडे. अलंकारशास्त्र, काव्य आणि नाटक या विषयांतल्या पोथ्यांच्या वर्णनात्मक सूचीचे खंड त्यांनी केले. आणि हे करता करता चारशेहून अधिक लेख लिहिले.

लेखांचे विषय बघितले की माणूस चक्रावतो. अमुक टीकाकाराचा काळ, तमुक कवीचा आश्रयदाता, हे तर आहेच. पण त्याबरोबर जिलबी आहे, शोभेची दारू आहे, तंबाखू आहे, नथ आहे. हे सुचलं कुठून? सूचीकाराला न वाचण्याची मुभा नसते. विद्वान आपल्या विषयाची पोथी मागवतो आणि बाकीच्यांकडे ढुंकून पाहत नाही. सूचीकाराच्या पुढ्यात वैद्यक येतं, पाकशास्त्र येतं, धर्मनिबंध येतो, जादूचे खेळ येतात, आणि त्या प्रत्येकातून त्याला जावंच लागतं. गोडे जाता जाता टिपणं काढत. एकच शब्द दहा निरनिराळ्या शास्त्रांच्या पोथ्यांत भेटला की त्याचा लेख होई.

जिलबीचंच घ्या. नाव अरबी-फारसी ‘झलाबिया’शी जुळतं, हे ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशाने सांगून ठेवलं होतं. प्रश्न होता, आपल्याकडे ती केव्हापासून आहे? गोड्यांनी 1943च्या लेखात जिनसूर या जैन लेखकाची ‘प्रियंकरनृपकथा’ पुढे केली. साधारण 1450ची ही कथा. तिच्यात एका व्यापाऱ्याने घातलेल्या जेवणावळीचे पदार्थ मोजून दाखवले आहेत आणि त्यांत जिलबी आहे. ‘गुण्यगुणबोधिनी’ नावाच्या संस्कृत ग्रंथात तर तिची कृतीच सापडली, आणि तो ग्रंथ 1600च्या आधीचा. सतराव्या शतकाच्या अखेरीचं ‘भोजनकुतूहल’ही याच साखळीत बसतं. त्याचा कर्ता रघुनाथ नवहस्त हा मराठी पंडित. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांची राणी दीपाबाई ही त्याची आश्रयदाती, हेही गोड्यांनीच पोथ्यांतून दाखवून दिलं. पाहुणी म्हणून आलेली जिलबी दोनशे-अडीचशे वर्षांत संस्कृत पाकग्रंथांत पाटावर बसून जेवू लागली, तिचा प्रवास असा कागदोपत्री पक्का झाला.

‘1600च्या आधीचा’ हे ठरतं कसं? ज्या ग्रंथावर साल नाही त्याला गोडे दोन्हीकडून कोंडीत पकडत. हा ग्रंथ कोणाकोणाची नावं घेतो ते पाहायचं. त्यांतला सगळ्यांत अलीकडचा लेखक म्हणजे खालची मर्यादा. याचं नाव कोण घेतं ते पाहायचं. त्यांतला सगळ्यांत जुना, किंवा या ग्रंथाची साल असलेली सगळ्यांत जुनी नक्कल, म्हणजे वरची मर्यादा. मग लेखाला मथळा: अमुक ग्रंथाचा काळ, अमुक आणि अमुक सालांच्या दरम्यान. असे मथळे त्यांच्या लेखसंग्रहांत इतके आहेत की वाचताना थोडं हसू येतं. गोडे शैलीदार लेखक नव्हते हे मान्य करायला हवं. पुरावा एक, पुरावा दोन, पुरावा तीन अशी त्यांची चाल. निष्कर्ष दोन ओळींचा. पण संस्कृत साहित्याच्या इतिहासात आज आपण निश्चिंतपणे उच्चारतो त्यांतली कितीतरी सालं या चालीनेच बसवलेली आहेत.

शोभेच्या दारूवरचं त्यांचं काम मला सगळ्यांत आवडतं. ‘कौतुकचिन्तामणि’ नावाचा एक ग्रंथ आहे. नावावरून जादूटोण्याचा वाटावा, आणि तसा तो आहेही; गंमतीजमती, चमत्कार, हातचलाखी. कर्ता ओरिसाचा गजपती राजा प्रतापरुद्रदेव, 1497मध्ये गादीवर आलेला. इतिहासाचा अभ्यासक असली पोथी कशाला मागवेल? गोड्यांनी ती उलगडली तेव्हा आत दारूकामाची सूत्रं निघाली. कल्पवृक्षबाण, चामरबाण, चंद्रज्योती, चंपाबाण, पुष्पवर्ती, छुछुंदरीरसबाण अशी एकेकाची नावं आणि प्रत्येकाला काय काय लागतं त्याची यादी: सोरा, गंधक, कोळसा, लोखंडाची पूड, बांबूची नळी. उत्तरेत ‘छछुंदर’ म्हणून जमिनीवर सळसळत पळणारा एक फटाका असतो. त्याचा पाचशे वर्षांपूर्वीचा पूर्वज राजाच्या पोथीत असा दबा धरून बसला होता. गोड्यांनी याला विजयनगरच्या पाहुण्यांनी केलेली वर्णनं जोडली, एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’तला लग्नातला दारूकामाचा थाट जोडला आणि 1400 ते 1900 या पाचशे वर्षांचा आपल्या देशातल्या आतषबाजीचा इतिहास लिहून काढला. दिवाळीतले फटाके सनातन आहेत की कालपरवाचे यावर दर वर्षी वाद झडतात. वाद घालणाऱ्यांपैकी कोणी हा लेख उघडल्याचं दिसत नाही.

तंबाखूचा उपयोग वेगळा. ती आणली पोर्तुगिजांनी. असद बेगने विजापूरहून ती अकबराच्या दरबारात नेली ती सतराव्या शतकाच्या अगदी तोंडाशी. त्यामुळे ऋषींच्या तोंडी घातलेल्या एखाद्या प्राचीन म्हणवणाऱ्या ग्रंथात तमाखूचा निषेध आढळला, की तेवढा भाग तरी सोळाव्या शतकानंतर घुसडलेला, हे सरळ झालं. नथीबाबत गोड्यांचा निष्कर्ष अनेकांना पटणं जड गेलं असणार. जुन्या संस्कृत वाङ्मयात नाकातल्या दागिन्याचा पत्ता नाही, आपल्या प्राचीन शिल्पांतल्या इतक्या नटव्या स्त्रियांच्या नाकांतही तो नाही. पहिल्या सहस्रकाच्या अखेरीपर्यंत तो इथे दिसतच नाही. सौभाग्याचं लेणं म्हणून जी नथ आपण अनादि समजतो तिला फार तर हजार वर्षं झाली. ‘नाही’ हे सिद्ध करायला पुष्कळ वाचावं लागतं. ते सूचीकारालाच परवडतं.

मालकीची खूण हा आणखी एक रकाना. पोथीच्या पहिल्या पानाच्या कोऱ्या बाजूला कोणी आपलं नाव घालून ठेवतो. कित्येक पोथ्यांवर असं आढळतं की ही पोथी ‘सर्वविद्यानिधान कवीन्द्राचार्य सरस्वती’ यांची. हे गृहस्थ मूळचे गोदाकाठचे ऋग्वेदी ब्राह्मण. संन्यास घेऊन काशीत राहिले आणि तिथल्या पंडितांचे अग्रणी झाले. प्रयाग-काशीच्या यात्रेकरूंवरचा कर त्यांनी शहाजहानकडे रदबदली करून उठवला. देशभरच्या पंडितांनी त्यावर स्तुतिपर श्लोक रचून पाठवले आणि त्यांचा संग्रहही निघाला. त्यांच्या ग्रंथालयाची म्हणून एक यादी मिळाली. ती बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत 1921मध्ये छापली गेली, नोंदी 2,192. ग्रंथालय मात्र केव्हाच फुटून पांगलं होतं. त्यातल्या पोथ्या बिकानेरच्या अनूप संस्कृत ग्रंथालयात आणि इतर ठिकाणी एकेक करून ओळखल्या गेल्या, त्या याच खुणेवरून. निरनिराळ्या गावच्या सूचीकारांनी ती ओळ ‘किरकोळ’ म्हणून सोडून दिली असती तर 2,192 नावांची ती यादी हवेतच राहिली असती.

गोड्यांनी इथे एक धागा जोडला. फ्रेंच प्रवासी बर्निए लिहितो की बनारसच्या पंडितांचा मुख्य असलेला एक थोर विद्वान शहाजहानकडून दोन हजार रुपयांचं वर्षासन घेत होता. औरंगजेबाने ते बंद केल्यावर, बर्निए ज्याच्या पदरी होता त्या दानिशमंद खानाकडे तो आला आणि तीन वर्षं बर्निएच्या सहवासात होता. बर्निए नाव देत नाही. वर्षासन, काळ, पंडितांमधलं स्थान आणि ग्रंथालय हे सगळं मांडून गोड्यांनी सांगितलं की हे कवीन्द्राचार्यच. बर्निएने आपल्या देशी शास्त्रांबद्दल युरोपला जे काही कळवलं त्यातलं बरंच एका मराठी संन्याशाच्या तोंडून आलेलं असावं, हा तर्क मला तरी पटतो.

नोंदीत आणखी एक रकाना असतो, बांधणीचा. तो किती बोलका ठरू शकतो याचं ताजं उदाहरण इंग्लंडातलं आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठात मिंगाना संग्रह नावाची मध्यपूर्वेतली तीन हजारांहून अधिक हस्तलिखितं आहेत. चॉकलेटवाल्या कॅडबरी घराण्यातल्या एडवर्ड कॅडबरी यांनी पैसा पुरवला आणि इराकमध्ये जन्मलेल्या आल्फोन्स मिंगाना यांनी 1920च्या दशकात ती गोळा केली. त्यात कुराणाची काही चर्मपत्रं एकत्र बांधलेली होती आणि सातव्या शतकाच्या अखेरची म्हणून त्यांची नोंद होती. अल्बा फेदेली ही संशोधक पीएच.डी.साठी त्यांचा अभ्यास करत होती. तिच्या लक्षात आलं की यातल्या दोन पानांचं अक्षर उरलेल्यांशी जुळत नाही. कोणीतरी दोन वेगळ्या प्रतींची पानं एकत्र बांधली आहेत. मग त्या दोन पानांच्या चामड्याची रेडिओकार्बन चाचणी ऑक्सफर्डमध्ये झाली. जुलै 2015मध्ये निकाल जाहीर झाला: 95.4 टक्के खात्रीने 568 ते 645. म्हणजे प्रेषित मुहंमदांच्या हयातीत किंवा त्यानंतर लगेच. चाचणी चामड्याची आहे, शाईची नाही, आणि जनावर केव्हा मेलं आणि त्यावर केव्हा लिहिलं या दोन निराळ्या गोष्टी, हे धरूनही ही पानं जगातल्या सर्वांत जुन्या कुराण-पानांत बसतात. याच प्रतीची आणखी 16 पानं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. बातम्या कार्बनच्या झाल्या. पण कोणती पानं तपासायला पाठवायची हे अक्षर बघणाऱ्या डोळ्याने ठरवलं होतं.

आपल्याकडे सध्या भर आहे तो पोथ्यांचे फोटो काढण्यावर. 2003मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन आलं, 2025च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ची घोषणा झाली आणि एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचं उद्दिष्ट ठरलं. वाळवीच्या आधी कॅमेरा पोहोचला तर कोणाला नको आहे? पण फोटोला पोथीचं नाव आपोआप कळत नाही. आद्यंत नसलेली, चार ग्रंथांची पानं मिसळलेली, ‘स्फुट’ अशी चिठ्ठी लावून बांधलेली गाठोडी प्रत्येक संग्रहात आहेत. त्यांचे फोटो काढले तर स्फुट फोटो मिळतील. शारदा, ग्रंथ, नंदिनागरी किंवा मोडी सफाईने वाचून पुष्पिकेचं साल जंत्रीशी ताडणारी माणसं किती तयार होत आहेत, हा आकडा कुठल्या घोषणेत येत नाही. मद्रास विद्यापीठाने देशोदेशींच्या सूचींची एक महासूची करायला घेतली ती 1935मध्ये. जर्मन पंडित आउफ्रेश्टने एकट्याने केलेल्या जुन्या महासूचीची ही नवी आवृत्ती. पहिला खंड 1949मध्ये आला, पुढच्या खंडांना कित्येक दशकं लागली. या कामाचा वेग असाच असतो.

सूचीतला सगळ्यांत धोक्याचा शब्द ‘एकमेव प्रत’. अथर्ववेदाच्या पैप्पलाद शाखेची एक भूर्जपत्री पोथी काश्मीरचे महाराज रणबीरसिंह यांच्याकडून 1870च्या दशकात जर्मनीत रुडोल्फ रोट यांच्याकडे पोहोचली आणि त्यांच्या मृत्यूनंतर ट्यूबिंगेन विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेली. 1901मध्ये तिच्या पानापानाचे फोटो छापले गेले. पाठ इतका अशुद्ध की विद्वानांनी त्यावर डोकी आपटली. वर पहिलंच पान गहाळ. ही शाखा आता जिवंत नाही आणि दुसरी प्रत मिळायची नाही, असं धरून अर्धं शतक काम झालं. मग 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात कोलकात्याचे दुर्गामोहन भट्टाचार्य ओडिशातल्या खेड्यांत गेले. तिथे पैप्पलाद ब्राह्मणांची घरं होती, ते ही संहिता म्हणत होते आणि त्यांच्याकडे उडिया लिपीतल्या ताडपत्री पोथ्या होत्या. पाठ काश्मीरच्या प्रतीपेक्षा कितीतरी शुद्ध.

त्यात एक जुनं कोडंही सुटलं. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी चारही वेदांची सुरुवात सांगताना अथर्ववेदासाठी जो मंत्र दिला आहे, तो सर्वत्र चालणाऱ्या शौनक शाखेत पहिल्या कांडाच्या सहाव्या सूक्तात येतो, आरंभी नाही. आपल्याकडे शनीचा म्हणून ग्रहशांतीत म्हटला जातो तोच हा मंत्र. पतंजलीची शाखा पैप्पलाद असावी असा तर्क होता, पण ट्यूबिंगेनच्या पोथीचं नेमकं पहिलं पान नसल्यामुळे तो तसाच लटकत होता. ओडिशातल्या ताडपत्रांवर संहिता त्याच मंत्राने सुरू होते.